झाकलेली ओळ

माझ्या आयुष्यातली पहिली स्क्रीन मी बायकोच्या साडीची केली. चोरून नव्हे, पुस्तकात तसं लिहिलंच होतं. छपाईवरच्या एका जाडजूड पुस्तकात घरच्या घरी स्क्रीन तयार करायची कृती होती. लाकडी चौकट घ्यावी, तिच्यावर ऑर्गंडीचं कापड ताणून बसवावं, नको तेवढा भाग बुजवावा आणि उरलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई खाली कागदावर ओढावी. ऑर्गंडी हा शब्द वाचला मात्र, आणि कपाटाच्या वरच्या खणातली फिकट जांभळी साडी माझ्या डोळ्यांपुढे आली. बायकोला ती नेसलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. न नेसलेली साडी म्हणजे टाकलेली साडी, असं माझं साधं गणित. पदराकडून एक चौकोन कापला, चौकटीवर ताणून ठोकला आणि तिच्याच हळदीकुंकवाची आमंत्रणं छापायला बसलो. तिला चकित करायचं होतं. कागदावर उतरला तो एक काळा आयत. तिरका.

बाजारातून ती परत आली तेव्हा आमच्या बोळिंजच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सगळीकडे काळे आयत वाळत पडले होते. तिने ते पाहिलेच नाहीत, चौकट पाहिली. बोटाने कापड चाचपलं.

"नेसत नव्हते, कारण जपत होते," ती म्हणाली.

हळदीकुंकवाला बायकांना तोंडी बोलावणी गेली.

आता एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने तो नाद सोडला असता. पण माझा नाद छपाईचा नव्हताच, छपाईच्या पुस्तकांचा होता. नोकरी मुंबईत, एका कार्यालयात, टेबलाला खिळलेली. छपाईशी संबंध इतकाच की खात्याचे छापील नमुने भरायचे. पण रद्दीच्या दुकानात, फुटपाथवर, मोडीत काढलेल्या ग्रंथालयांच्या ढिगात छपाईवरचं पुस्तक दिसलं की माझा हात खिशात जायचा. लाकडी ठशांनी कापडावर वेलबुट्टी कशी छापतात त्याचं एक, कव्हर नसलेलं. छपाईच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत लिहिलेलं एक, त्यातल्या यंत्रांच्या आकृत्यांना आधीच्या मालकाने निळ्या पेनाने मिशा काढलेल्या. हातकागदाचं एक, ऑफसेटचं एक, आणि संगणकावर पानं कशी लावायची याचं एक कोरं करकरीत पुस्तक. ते मी नवं विकत घेतलं आणि निम्म्यावर आलो तोवर त्यातला संगणक बाजारातून गेलासुद्धा. पाककृतीची पुस्तकं वाचून काहींना ढेकर येतो, तशातला मी. कुठलंही छापील पान समोर आलं की शब्द वाचायच्या आधी मी समास बघायचो, दोन ओळींतलं अंतर बघायचो. बायको म्हणायची, "मजकूर पण वाचत जा कधीतरी. त्यासाठीच छापलंय."

घरात मात्र मी छपाईतला जाणकार ठरलो होतो. त्यामुळे आमच्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका कुणी करायची यावर चर्चासुद्धा झाली नाही.

भाची म्हणजे ताईची मुलगी. आम्ही तिघं भावंडं: दादा थोरला, मग ताई, मग मी. दादा वसईला समुद्राच्या अंगाला आमच्या वाडीवर राहायचा. केळी, पानवेली, थोडी फुलं, हे सगळं तोच बघायचा. ताई आचोळ्याला. भाची शाळेत जायला लागली होती तेवढ्यात तिचे वडील गेले. ताईच्या सासरचं कुणी फारसं उरलं नव्हतं, जे होते त्यांनी पाठ फिरवली. ताई वसई पूर्वेच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. दिवसभर उभं राहून खोके तपासायचे. पायांच्या शिरा फुगल्या, पण मुलगी शिकली, नोकरीला लागली आणि आता चांगल्या घरी चालली होती. लग्न वाडीवर, दादाच्या मांडवात करायचं हे ठरलेलंच होतं. दादानेच तसं सांगितलं होतं आणि त्यात खोट काही नव्हती. ताईकडे केळीचा घड, नारळ, भाजी वाडीवरून जायची ती कधी चुकली नव्हती. हे मी मुद्दाम लिहितो. पुढचं वाचून कुणी दादाला वाईट माणूस समजेल. तसा तो असता तर माझं काम सोपं झालं असतं.

एका रविवारी ताई बोळिंजला आली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. उठता उठता म्हणाली, "पत्रिका तूच करणार ना?"

"म्हणजे काय! अशी करतो की लोक जपून ठेवतील."

"तसं नको. फक्त एक कर. खाली निमंत्रक म्हणून माझं नाव टाक."

मी "हो" म्हटलं आणि मग माझ्या लक्षात आलं तिने काय मागितलं ते.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्रिकेत मुलीच्या वडिलांचं नाव येतं, ते हयात नसले तरी 'कै.' लावून येतं. मेलेला माणूस पत्रिकेला चालतो. त्याची मागे राहिलेली बायको चालत नाही. बोलावणारे म्हणून काका-काकू, मामा-मामी, कुणीही जोडीचं माणूस पुढे होतं. विधवा आईचं नाव फार तर मजकुरात कुठेतरी, तेही बहुतेक वेळा नाहीच. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही. लिहिलेलं असतं तर खोडता तरी आलं असतं.

"नुसतं नाव," ताई म्हणाली. "मागेपुढे काही नको. कारखान्याच्या हजेरीपटावर आहे तसं."

पुढच्याच रविवारी मी वाडीवर गेलो. दादा झोपाळ्यावर बसून केळीची सोपटं सोलून दोर वळत होता. घरात आम्ही आमची वाडीची बोली बोलतो. पण दादाची एक खोड आहे. त्याला एखादी गोष्ट करायची नसली की तो शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलायला लागतो. मी विषय काढला तसा हातातला दोर थांबला.

"हे बघ," तो म्हणाला, "माझा व्यक्तिशः विरोध नाही."

झालं. मला कळायला हवं होतं.

"पण पहिली पत्रिका देवीपुढे ठेवतात," तो पुढे म्हणाला. "शुभकार्य आहे. पोरीचं भलं व्हायला हवं की नको?"

"ताईच्या नावाने पोरीचं वाईट होईल?"

"मी असं म्हणालो का?"

"मग काय म्हणालास?"

वहिनी आतून बाहेर आली. तिच्या हातात मटारांचं ताट होतं. "भावोजी, ताईंना आम्ही कधी परकं मानलंय का? मांडव आमचा, जेवण आमचं. कन्यादानाला आम्ही दोघं बसणार. पत्रिकेत एक नाव, एवढंच राहिलं का?"

"तेच तर म्हणतोय वहिनी. एवढंच राहिलंय."

मग मी बोललो. मला वाटतं मी चांगलं बोललो. माझ्या पुस्तकांतून शिकलेलं सगळं काढलं. हाताने लिहिलेलं बदलतं, छापलेलं टिकतं. शंभर माणसांच्या हातात शंभर प्रती गेल्या तरी सगळ्यांना तेच वाचायला मिळतं. कुणासाठी वेगळं नाही, कमी नाही, जास्त नाही. ताईने आयुष्यभर तोंडी आधार पुष्कळ मिळवला, आता एकदा छापील मिळू दे. बोलता बोलता मी उभा राहिलो होतो. वहिनी मटार सोलायची थांबली होती. दादा माझ्याकडे बघत राहिला. नंतर तो हसला आणि बोलीवर आला. म्हणाला, छापणारा तू आहेस ना, मग छाप.

एसटीने परत येताना मी खिडकीशी बसून हसत होतो. शेजारच्या म्हातारीने पिशवी जवळ ओढून घेतली.

विरार पश्चिमेला स्टेशनच्या रस्त्यावर एक छापखाना होता. छापखाना म्हणजे दुकानाचा गाळा, पुढे पत्रिकांचे अल्बम, मध्ये नवा कोरा संगणक, त्यावर प्लास्टिकचं आवरण आणि आवरणावर सुकलेला हार. मागे स्क्रीन छपाईचं टेबल. मालक देशावरचा, गोल चेहऱ्याचा, सगळ्यांना साहेब म्हणणारा. संगणकावर मजकूर जुळवायचा, तो पारदर्शक कागदावर काढायचा, त्यावरून स्क्रीनवर उतरवायचा आणि मग तयार रंगीत पत्रिकांवर हाताने ओढायचा, अशी त्याची पद्धत. म्हणजे माझी सगळी पुस्तकं त्या एका गाळ्यात एकत्र नांदत होती. मी इतका हरखलो की त्याला हस्तकलेपासून संगणकापर्यंतचा इतिहास ऐकवला. त्याने तो मान हलवत ऐकला आणि शेवटी विचारलं, "गणपती कुठला टाकू साहेब? उजव्या सोंडेचा की डाव्या?"

मजकूर मी सांगत गेलो तसा तो टंकत गेला. 'निमंत्रक'वर आलो तेव्हा पडद्यावर आधीच 'सौ. व श्री.' उमटलेलं होतं.

"ते काढा," मी म्हटलं. "एकाच बाईचं नाव आहे."

"सौभाग्यवती ना?"

"नाही."

"मग गंगा भागीरथी लावू? त्याचं पण तयार आहे."

"काही लावू नका. नुसतं नाव."

त्याने बोटं उचलली. मग खांदे उडवले. "टेन्शन नाय साहेब. पार्टी म्हणेल ते."

वर 'निमंत्रक', त्याखाली ताईचं नाव एका ओळीत एकटं, त्याखाली दादा-वहिनी, त्याखाली आम्ही दोघं. गर्दी टाळायची म्हणून बाकीच्या काका-मामांची फौज मी कापून टाकली. चिमुकल्यांची ती बोबडी ओळसुद्धा. पान मोकळं, श्वास घेणारं झालं. तपासायचा कागद घेऊन मी आचोळ्याला गेलो. ताईने हात धुतले, पुसले आणि कागद खिडकीपाशी नेला. डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. मला वाटलं समास बघतेय.

"जरा मोठं झालंय का अक्षर?" तिने विचारलं.

"सगळ्यांचं सारखंच आहे."

"सारखंच आहे," ती म्हणाली. पुन्हा एकदा बघून घेतलं. "बरं. असू दे मग."

छपाई दोन खेपांत होणार होती, कारण पत्रिका वाळवायच्या जाळ्या थोड्या होत्या. वाटपही आम्ही वाटून घेतलं होतं. मुंबई, ऑफिस, आचोळे, बोळिंज माझ्याकडे. वाडी, गाव आणि किनाऱ्यावरची सगळी नातीगोती दादाकडे. पहिला गठ्ठा मी आणला. सुंदर आला होता. दुसऱ्या खेपेच्या वेळी दादाचा फोन आला. म्हणाला, तू कशाला हेलपाटा घालतोस, मी विरारला येतोच आहे, गावचा गठ्ठा मीच उचलतो. आपल्या भावाला आपली इतकी काळजी आहे या विचाराने मला गहिवरून आलं. बायकोला तसं बोलूनही दाखवलं.

लग्नाला थोडे दिवस राहिले असताना मी कळंबला आत्याकडे गेलो. तिचे गुडघे गेलेले, तिला मांडवात कसं न्यायचं ते ठरवायचं होतं. आत्याने मला पाट दिला, पोहे दिले आणि म्हणाली, "पत्रिका छान केलीस रे. मोकळी आहे. हल्ली नुसती गर्दी असते."

कौतुक करणारं माणूस भेटलं की मी आवरत नाही. मी आत्याला समजावून सांगायला लागलो, की छपाईत शाईइतकंच महत्त्व कोऱ्या जागेला असतं. मोकळी जागा वाया गेलेली नसते, ती वाचणाऱ्याला थांबवते, आजूबाजूच्या शब्दांना मान देते. ठसे कोरणाऱ्यांपासून संगणकवाल्यांपर्यंत सगळ्यांनी हेच सांगितलंय. आत्या ऐकत होती. उदाहरण दाखवावं म्हणून मी देव्हाऱ्यापुढची पत्रिका उचलली आणि बोट ठेवलं.

"हे बघ. हे 'निमंत्रक' आणि ही खालची ओळ, यांच्यामध्ये..."

यांच्यामध्ये इतकी जागा मी सोडली नव्हती.

'निमंत्रक', मग कोरं, मग दादा-वहिनी, मग आम्ही. ताईचं नाव नव्हतं. माझं बोट नेमकं तिथेच टेकलं होतं.

"यांच्यामध्ये काय?" आत्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. खरंच काही नव्हतं.

तिथून थेट विरार. छापखान्यात मालकाने माझा चेहरा पाहिला आणि आधी पाणी पुढे केलं. मी पत्रिका समोर धरली. त्याने मागच्या भिंतीशी टेकवलेली स्क्रीन आणून दाखवली. अजून धुतलेली नव्हती. जाळीत सगळा मजकूर उतरलेला होता, गणपतीसकट. आणि एका ओळीवर, आडवी, नीट कापून लावलेली चिकटपट्टी. पट्टीखाली शाई उतरत नाही. पट्टीतून ताईच्या नावाची अक्षरं धूसर दिसत होती.

"तुमचे मोठे भाऊ आले होते," तो म्हणाला. "म्हणाले, आमचं घरात ठरलंय, गावाला देताना ही ओळ नको. मी म्हटलं, नवीन मजकूर काढतो, अंतर सारखं करून देतो. ते म्हणाले, राहू दे, घाई आहे, नुसतं झाका."

"मला विचारायचं नाही?"

"घरचेच होते ना साहेब." त्याला खरंच वाईट वाटत होतं. "आणि तुमच्यापेक्षा मोठे."

इतकी पुस्तकं वाचली, एकातही हे नव्हतं. शंभर प्रतींत तेच मिळतं म्हणून मी भाषण ठोकलं होतं, आणि इथे बोटभर चिकटपट्टीने एका लग्नाच्या दोन पत्रिका झाल्या होत्या.

दादाला मी वाडीवर, मांडवाचे बांबू उतरत होते तिथे गाठलं. मी ओरडणार होतो. पण मांडववाले होते, म्हणून दात आवळून बोललो.

"ताईचं नाव का काढलंस?"

"काढलेलं नाही," दादा म्हणाला. शुद्ध मराठीत. "खोडणं मलाही पटलं नसतं. फक्त झाकलं."

"त्यात फरक काय?"

"फार फरक आहे. तुझ्या पत्रिकेत आहे ना? मग? शहरात तुझी चालव, गावात माझी. ताईही खूश, गावही खूश. यात भांडण कुठे आहे ते मला दाखव."

दादा पुढे झाला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलीवर येऊन म्हणाला की चल, जेवून जा, वहिनीने तुझ्यासाठी केळफुलाची भाजी केलीय. आणि मी जेवलो. लाज वाटते, पण भाजी चांगली होती.

ताईला सांगायचं कसं, हा प्रश्न घेऊन मी आचोळ्याला गेलो. ती भाचीच्या साड्यांना फॉल लावत होती. भाची कामावर गेली होती. मी घसा साफ केला, पाणी मागितलं, पुन्हा घसा साफ केला.

"गावची पत्रिका पाहिलीस ना?" तिनेच विचारलं. मान वर केली नाही.

"तुला कसं कळलं?"

"मी वाडीवर गेले होते ना मदतीला. वहिनी पत्रिकांना कुंकू लावत होती. मी पाकिटांवर नावं लिहिली. माझं अक्षर बरं आहे, म्हणून दादाने सांगितलं."

"सगळी?"

"सगळी. वहिनी एकेक पत्रिका माझ्याकडे द्यायची, मी पाकिटात घालायची. पहिल्या पत्रिकेला मला वाटलं, हिचं छापताना चुकलं असेल." तिने दोरा दाताने तोडला. "आमच्या कारखान्यात छपाई सुटलेला खोका आला तर बाजूला काढतात. मी पत्रिका बाजूला काढली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. मग कळलं, बाजूला काढायचं काही नाही, अख्खी बॅचच तशी आहे."

"मी दादाशी बोललोय. मी नव्या छापून घेतो. आज सांगितलं तर उद्या..."

"वाटून झाल्यात. आता परत घरोघर जाऊन काय सांगणार? आधीची द्या, ही घ्या?"

"मग ज्या उरल्यात त्यांच्यावर, आणि आत्याच्या, जवळच्या लोकांच्या पत्रिकांवर मी स्वतः लिहितो. जागा तशीच आहे. काळ्या शाईने, वळणदार, छापल्यासारखं..."

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "हाताने लिहिलेलं नकोय रे. हाताने मी आयुष्यभर लिहितेय. छापलेलं हवं होतं."

मग काहीतरी धीराचं बोलावं म्हणून म्हटलं, "निदान इकडच्या पत्रिकांत तरी आहे."

"इकडे कशाला हवं होतं?" ती म्हणाली. "आचोळ्यात मला कोण ओळखत नाही? कारखान्यात, बिल्डिंगमध्ये, दूधवाल्याला, सगळ्यांना माहितीये पोर कुणी वाढवली. तिकडे सांगायचं होतं. तिकडे मी अजून कुणाची तरी बहीण आहे." तिने पुढची साडी ओढून घेतली. "पोरीला यातलं काही कळता कामा नये. ती मांडवात तोंड पाडून उभी राहील. आणि दादाशी भांडू नकोस. मांडव त्याचा आहे."

लग्न झालं. चांगलं झालं. वाडीवर सनई वाजली, पंगती उठल्या, कुणाला काही कमी पडलं नाही. कन्यादानाला दादा आणि वहिनी बसले. मामा म्हणून भाचीला मांडवात मी घेऊन आलो. मंगलाष्टकं चालू असताना ताई मागच्या पडवीत आहेराच्या साड्यांच्या ढिगापाशी होती. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं, असं वहिनी म्हणाली होती. अक्षता टाकायला तिला हाक मारायची असं मी मनात ठरवलं होतं, पण भाचीच्या पाठीशी उभा असल्याने मला हलता येईना. शेवटच्या मंगलाष्टकाला मी मान वळवून पाहिलं तर ती पडवीच्या पायरीवर उभी होती, मुठीत अक्षता घेऊन. तिथून टाकल्या तर मांडवाच्या कडेपर्यंतही पोहोचल्या नसत्या. तिने त्या टाकल्या.

जेवणं झाल्यावर गावातले एक वयस्कर गृहस्थ मला शोधत आले. "पत्रिका तुम्ही केलीत म्हणे. सुटसुटीत होती. दादांना शोभेल अशी." मी त्यांना नमस्कार केला. मोकळ्या जागेबद्दल काही बोललो नाही.

निघताना ताईने दादाच्या पाया पडून घेतलं. दादाला भरून आलं, तो डोळे पुसत म्हणाला, "तुझी पोर ती माझी पोर." ते खोटं नव्हतं. ताई "हो" म्हणाली. त्यानंतर ती वाडीवर गेली नाही असं नाही. गणपतीला जायची, दिवाळीला जायची. पण वाडीचे नारळ आले की ते शेजारी वाटून टाकायची, घरात ठेवायची नाही. दादाला अजून वाटतं तिला नारळ बाधतो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आमच्या हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटापुढे उभा होतो. आत स्वयंपाकघरात बायको लग्नातून आलेले नारळ विळीवर खवत बसली होती. माझं तोंड सुरूच होतं. दादाने कसा गळा कापला, छापखानेवाल्याने मला विचारायला हवं होतं, निदान ताईकडून पाकिटं तरी लिहून घ्यायला नको होती. दादासमोर मी जे बोललो त्यातला प्रत्येक मुद्दा किती बिनतोड होता, ते मी तिला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं. समोरचा माणूस शब्द फिरवतो त्याला माझा काय इलाज, असं मी दोनतीनदा म्हणालो.

विळीचा आवाज थांबला.

"अहो," बायको म्हणाली, "ताईंनी तुम्हाला नाव टाका म्हणून सांगितलं होतं. दादांना विचारा म्हणून कुठे सांगितलं होतं?"